डावीकडे गुलाबी, उजवीकडे हिरवट: डिजिटल रेंजफाइंडरवर रंगाची झाक आणि कोपऱ्यांचा अंधार कसा घालवायचा

पडवीच्या भिंतीला चुना मारून दोनच दिवस झाले होते. कोकणात मामाकडे गेलो होतो, कॅमेऱ्यावर १५ मिलिमीटरची जुनी लेन्स होती आणि समोर खांबापासून खांबापर्यंत लख्ख पांढरी भिंत. फोटो काढला, मागच्या पडद्यावर पाहिला. डावीकडची भिंत गुलाबी, उजवीकडची हिरवट, आणि चारही कोपरे चुलीच्या धुराने काळवंडावेत तसे. मामा खांद्यावरून डोकावला. "चुन्यात कुंकू कालवलंस काय रे?"

पुढच्या दोन संध्याकाळी मी संगणकावर त्या फोटोशी झटत बसलो. डाव्या बाजूला हिरवा स्लायडर, उजवीकडे जांभळा, कोपऱ्यांना उजेड. डावी कड जरा सुधारली की मधला भाग पिवळा पडायचा. शेवटी तो फोटो वाचला तो दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून आणलेल्या दुधी ॲक्रिलिकच्या तळहाताएवढ्या तुकड्यामुळे. ज्यांनी नुकताच डिजिटल रेंजफाइंडर (बाजूच्या खिडकीतून पाहून फोकस करायचा कॅमेरा) घेतलाय, बहुधा वापरलेला, आणि त्यावर रुंद लेन्स (मिलिमीटरचा आकडा जितका लहान तितकी रुंद) लावून कपाळाला हात लावलाय, त्यांना हा तुकडा कसा वापरायचा ते सांगतो.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा

तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच फोटोत एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि नवखा माणूस तिन्हींना एकच औषध देतो. म्हणून आधी त्या सुट्या करू.

पहिली गोष्ट कोपऱ्यांचा अंधार, म्हणजे व्हिनेटिंग. हा फिल्मच्या काळापासून आहे. प्रकाश जितका तिरका पडतो तितका कमी पोचतो, आणि साध्या हिशेबाने ही घट कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने होते. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर ५० मिमीच्या लेन्सला कोपऱ्यात साधारण अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी पडतो, ३५ मिमीला जवळजवळ एक, २१ मिमीला दोन आणि १५ मिमीला तीनच्या वर. लेन्स बनवणारे रचनेत युक्त्या करून यातला काही भाग वाचवतात, पण ओढ याच दिशेने असते. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) पूर्ण उघडं असताना लेन्सच्या नळीमुळे आणखी अंधार येतो. तो दोन स्टॉप बंद केलं की जातो. कोसाइनवाला मात्र एफ ११ वरही, म्हणजे भोक बरंच बारीक केलं तरी, जागचा हलत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची झाक. ही डिजिटलचीच देणगी. सेन्सरवरचा एकेक पिक्सेल म्हणजे एकेक आड समजा. दुपारी बारा वाजता ऊन सरळ तळाला जातं, संध्याकाळी मात्र आडाच्या भिंतीवरच अडकतं. इथे तर त्यातलं काही ऊन शेजारच्या आडात सांडतं. लाल काचेखालच्या पिक्सेलसाठी आलेला प्रकाश शेजारच्या हिरव्याच्या वाट्याला गेला की रंगांचा हिशेब चुकतो. पिक्सेलची मांडणी डावी-उजवी तंतोतंत सारखी नसते, म्हणून चूकही दोन्ही बाजूंना वेगळी होते: एका कडेला लालसर, दुसऱ्या कडेला हिरवट. इटलीच्या झेंड्यासारखं दिसतं म्हणून या झाकेला त्या झेंड्याचंच नाव पडलेलं आहे. शिवाय सेन्सरवर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा लालापलीकडचा प्रकाश, अडवणारी काच असते. तिरक्या किरणांना तिच्यातून लांबचा रस्ता कापावा लागतो आणि वाटेत थोडा लालही शोषला जातो.

हे रेंजफाइंडरलाच जास्त का भोवतं? आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाला जागा लागते, म्हणून रुंद लेन्सचं मागचं भिंग लांब ठेवावं लागतं. निकॉनच्या एफ माउंटपासून (माउंट म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी) फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे. लायकाच्या एम माउंटचं फक्त २७.८ मिमी, आणि मध्ये आरसाही नाही. त्यामुळे लेन्स रचणाऱ्यांनी मागचं भिंग थेट शटरच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. लुडविग बेर्टेले यांनी कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली १९५४ ची २१ मिमी एफ ४.५ बायोगॉन हा याचा नमुना: दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी, सरळ रेषा सरळ ठेवणारी, आणि मागचं भिंग फिल्मपासून बोटभरही लांब नाही. फिल्मला किरण तिरका आला काय आणि सरळ आला काय, फारसं सोयरसुतक नव्हतं. सेन्सरला आहे. म्हणजे ज्या गुणासाठी आपण या लेन्स घेतो, तोच इथे अंगाशी येतो.

तिसरी गोष्ट इन्फ्रारेड. ही मुख्यतः लायका एम८ वाल्यांची. २००६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात सेन्सरवरची काच मुद्दाम पातळ ठेवली होती, अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे तिरक्या किरणांचा रस्ता लांबणार नाही. त्याची किंमत अशी की बरंच इन्फ्रारेड आत शिरतं आणि काही कृत्रिम धाग्यांचे काळे कपडे जांभळट दिसतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो डोळ्यांसमोर आणा: दहा बायका, दहा काळ्या साड्या. सुती चंद्रकळा काळी राहील, पॉलिस्टरची साडी वांग्याच्या रंगाची होईल, आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोघींच्या साड्यांत हा फरक कुठून आला ते कुणालाच कळणार नाही. धागा आणि रंग यांवर हे अवलंबून आहे, लेन्सवर नाही. म्हणूनच खाली सांगितलेल्या पांढऱ्या फ्रेमने ते कधीच दुरुस्त होत नाही. त्याला लेन्सपुढे यूव्ही-आयआर (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर लावणं हा एकच खरा इलाज. लायकाने तेव्हा एम८ घेणाऱ्यांना असे दोन फिल्टर फुकट दिले होते.

पण त्या फिल्टरचा स्वतःचा एक वेडेपणा आहे. तो रंगीत काचेने काम करत नाही, पातळ थरांच्या लेपाने करतो. असा लेप तिरक्या प्रकाशाला आपली सीमा लाल रंगाकडे सरकवतो आणि इन्फ्रारेडबरोबर दिसणारा लालही खातो. २८ मिमी किंवा त्याहून रुंद लेन्सवर हा फिल्टर लावला की कोपरे निळसर-हिरवे होतात. म्हणजे एक झाक घालवताना दुसरी आली. तिच्यासाठी पुढे पाहू. एम९ किंवा त्यानंतरच्या बॉडीवर मात्र हा फिल्टर रोजच्या कामाला लावू नका. तिथे कपड्यांचा त्रास तितका नाही आणि कोपरे मात्र बिघडतात.

आता घरच्या घरी तपासणी. पांढऱ्या भिंतीचा किंवा ढगाळ आकाशाचा रॉ फोटो (सेन्सरवरून आलेली, जेपेग न केलेली फाइल) घ्या, फोकस अनंतावर. संगणकावर उघडा आणि सॅच्युरेशनचा स्लायडर शेवटपर्यंत उजवीकडे ओढा. एरवी डोळ्यांना न दिसलेली झाक रंगपंचमीसारखी समोर येते. मग कॅमेरा उलटा धरून, म्हणजे वरची बाजू खाली करून, दुसरा फोटो घ्या. गुलाबी बाजू फ्रेममध्ये जिथल्या तिथे राहिली तर ती लेन्स आणि सेन्सरची. बाजू बदलली तर ती भिंतीवर पडणाऱ्या उजेडाची, आणि कॅमेऱ्याला उगाच दोष देत होतात. ही एक चाचणी केली असती तर माझ्या त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

कॅमेऱ्याला लेन्स सांगा

दुरुस्तीचा पहिला हप्ता कॅमेऱ्यातच होतो. एम८ पासून पुढच्या लायकांमध्ये लेन्सच्या माउंटवरच्या सहा ठिपक्यांचा कोड वाचायची सोय आहे. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, त्यामुळे चौसष्ट जोड्या होतात. कॅमेरा त्यावरून लेन्स ओळखतो आणि तिच्या मापाने कोपऱ्यांचा अंधार आणि रंग सावरतो. ही दुरुस्ती जेपेगपुरती राहत नाही, रॉ फाइलमध्येही शिरते. हे पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे, लक्षात असू द्या.

२००९ च्या एम९ पासून मेनूमधून लेन्स हाताने निवडता येते. यादीत फक्त लायकाच्या लेन्स आहेत. तुमच्याकडे फोइक्टलेंडर किंवा झाइस असेल तर त्याच फोकल लेंथची, म्हणजे तितक्याच मिलिमीटरची, लायका निवडून बघा. १५ मिमीला जुळणारी लेन्स यादीत नसते, तेव्हा १६-१८-२१ ची ट्राय-एल्मार किंवा २१ मिमीची एखादी जुनी एल्मारिट घेऊन पाहतात. कोणती बरी ते माझ्या सांगण्यावर ठेवू नका. त्याच भिंतीचे चार फोटो चार कोडांनी घ्या, चारही सॅच्युरेशन चढवून शेजारी ठेवा, ज्यात झाक सर्वांत कमी आणि डावी-उजवी सारखी तो कोड त्या लेन्सला कायमचा. २८ आणि ३५ मिमीवर बऱ्याचदा इथेच काम भागतं आणि पुढचं काही करावंच लागत नाही.

एम८ वर हाताने निवडायची सोय नाही. तिथे लोक कायमस्वरूपी मार्करने माउंटवर काळे ठिपके काढतात. स्क्रू माउंटची लेन्स असेल तर ठिपक्यांसाठी खाच असलेला अडॅप्टर मिळतो, त्याच्या खाचेत शाई जास्त टिकते. सपाट माउंटवर काढलेले ठिपके लेन्स चार वेळा फिरवली की पुसट होतात, मग कॅमेरा कधी ओळखतो, कधी नाही. अर्धे फोटो दुरुस्त, अर्धे नाहीत, असं झालं की पहिल्यांदा ठिपके बघा. आणि एम८ वर फिल्टर लावलेला असेल तर लेन्स ओळखण्याच्या मेनूत यूव्ही-आयआर असलेला पर्याय निवडायला विसरू नका. वर सांगितलेले निळसर कोपरे तोच सावरतो.

२००४ साली आलेल्या एप्सन आर-डी१ मध्ये, म्हणजे पहिल्या डिजिटल रेंजफाइंडरमध्ये, हा कोड वाचायची सोयच नाही. पण तिचा सेन्सर दीडपट लहान असल्याने फोटोतून सर्वांत वाईट कोपरे आपोआप कापले जातात. ज्यांच्याकडे ती अजून चालू आहे त्यांनी थेट पांढऱ्या फ्रेमकडे यावं.

पांढरी फ्रेम

कल्पना अगदी साधी आहे. जी गोष्ट सगळीकडे सारखी पांढरी आहे तिचा फोटो त्याच लेन्सने, त्याच अ‍ॅपर्चरला घ्यायचा. त्यात जे काही असमान दिसतं ते सगळं लेन्सचं आणि सेन्सरचं पाप. मग सॉफ्टवेअर खऱ्या फोटोला या फ्रेमने भागतं. जिथे पांढऱ्या फ्रेममध्ये लाल दहा टक्के जास्त, तिथे खऱ्या फोटोत लाल तेवढाच कमी. डोळ्याने अंदाज करायचा प्रश्नच उरत नाही.

सामान म्हणजे दुधी ॲक्रिलिक, तीन मिमी जाडीचं. पाट्या बनवणाऱ्यांकडे कातरणं पडलेली असतात. माझा तुकडा दहा बाय दहा सेंटीमीटरचा आहे. घेताना दुकानातच उजेडासमोर धरून पाहा: पलीकडची ट्यूब लाइट काठीसारखी दिसत असेल तर तो तुकडा कामाचा नाही, नुसता सारखा उजेड दिसायला हवा. पिवळट पडलेला घेऊ नका, ओरखड्यांची फार काळजी करू नका. कागद किंवा पांढरा रुमाल नको. त्यांचा पोत फ्रेममध्ये उतरतो, आणि पांढऱ्या कपड्याला नीळ घातलेली असते ती वेगळीच.

उजेड हवा ढगाळ आकाशाचा. आपल्याकडे आषाढात तो फुकट आणि भरपूर मिळतो. मी गच्चीवर जातो, लेन्स सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे करतो, ॲक्रिलिक लेन्सच्या तोंडावर टेकवून धरतो. पावसाचे चार थेंब ॲक्रिलिकवर पडले तरी फ्रेममध्ये दिसत नाहीत, कॅमेऱ्यावर पडले तर घरात बोलणी खावी लागतात. घरातल्या एलईडी दिव्याखाली हे करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि शटरची फट फ्रेमवरून सरकते तेव्हा आडवे पट्टे उमटतात. खाली दिलेलं सगळं रॉ मध्येच करायचं आहे, जेपेगला यातलं काही लागू पडत नाही.

१. लेन्सवर प्रत्यक्ष वापरता तोच फिल्टर आणि तोच हूड ठेवा. काहीच लावत नसाल तर काही लावू नका.

२. मेनूत लेन्सचा कोड खऱ्या फोटोंना होता तोच ठेवा. खरे फोटो कोड चालू ठेवून आणि पांढरी फ्रेम कोड बंद ठेवून काढली, तर कॅमेऱ्याने केलेली दुरुस्ती पुन्हा एकदा होते आणि झाक उलटी फिरते. नवख्यांची सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच.

३. आयएसओ सर्वांत कमी, एम८ आणि एम९ वर १६०. फोकस अनंतावर.

४. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला करडं करू पाहतो, म्हणून एक ते दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या. हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजवीकडे तीन चतुर्थांशापर्यंत जावा, उजव्या कडेला टेकू नये. मध्यभाग फुटला, म्हणजे नुसता पांढरा झाला, तर ती फ्रेम फुकट गेली.

५. नेहमी वापरता त्या अ‍ॅपर्चरना एकेक फ्रेम. मी पूर्ण उघडं, एफ ५.६, एफ ८ आणि एफ ११ अशा चार घेतो. १५ मिमी एफ ४.५ लेन्सला एवढं पुष्कळ होतं. ५० मिमीला पूर्ण उघडं आणि एफ ४, बस्स.

६. प्रत्येक अ‍ॅपर्चरला लेन्स आकाशाकडेच ठेवून कॅमेरा अर्धा फिरवून आणखी एक. दोन्ही जुळल्या तर आकाश सारखं होतं.

७. काढताक्षणी वहीत लिहा: लेन्स, अ‍ॅपर्चर, कोड, तारीख. रेंजफाइंडरची लेन्स कॅमेऱ्याला अ‍ॅपर्चर सांगत नाही. फाइलमध्ये दिसणारा आकडा हा बाहेरच्या खिडकीतून मोजलेला उजेड आणि लेन्समधून आलेला उजेड यांच्या तुलनेवरून काढलेला अंदाज असतो, आणि लेन्सवर ॲक्रिलिक असताना तो अंदाज साफ कोलमडतो. एफ ८ ची फ्रेम एफ ३२ म्हणून मिरवताना दिसेल.

सहावा आणि सातवा मुद्दा आळशीपणाने सोडले जातात, आणि महिन्याभराने आठ एकसारखे करडे चौकोन समोर घेऊन आपण बसतो.

एक मर्यादा सांगून ठेवतो. ॲक्रिलिक फार तिरक्या कोनात सरळ कोनाइतकाच उजेड देतं असं नाही. १२ किंवा १५ मिमीला त्यामुळे कोपऱ्यांचा अंधार खऱ्याहून थोडा जास्त मोजला जातो. रंगाचं मोजमाप मात्र जवळजवळ बरोबर येतं. आपण अंधार शंभर टक्के काढणार नाहीच आहोत, तेव्हा याची झळ बसत नाही.

आणि फोटो आधीच काढून झालेले असले तरी बिघडत नाही. झाक त्या लेन्सची आणि त्या बॉडीची आहे. मामाच्या भिंतीसाठीची पांढरी फ्रेम मी तीन आठवड्यांनी पुण्यात काढली आणि ती नीट बसली. बॉडी मात्र तीच हवी. मित्राच्या त्याच मॉडेलवर काढलेली उसनी फ्रेम जवळपास जाते, बरोबर बसत नाही.

संगणकावर

कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम पाळा: आधी पांढऱ्या फ्रेमची दुरुस्ती, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं असा रंगांचा तोल), मग बाकी सगळं. उलट केलं तर झाक असलेल्या कडेवरून व्हाइट बॅलन्स घेतला जाण्याचा धोका असतो. शिवाय सॉफ्टवेअरमधला तयार लेन्स प्रोफाइल चालू असेल तर त्यातला व्हिनेटिंगचा भाग बंद करा, नाहीतर कोपरे दोनदा उजळतील आणि मधोमध ढग बसल्यासारखं दिसेल.

फुकटात करायचं तर दोन वाटा. पहिली कॉर्नरफिक्स. हे लहानसं सॉफ्टवेअर याच एका दुखण्यासाठी एम८ च्या काळात जन्मलं. ते डीएनजी फाइल (रॉचाच एक प्रकार) घेतं, आणि लायकाच्या फाइल डीएनजीच असतात. पांढरी फ्रेम उघडायची, तिच्यापासून प्रोफाइल बनवून साठवायचं, मग खरे फोटो त्या प्रोफाइलमधून काढायचे. प्रत्येक फोटोची नवी डीएनजी तयार होते, मूळ फाइल तशीच राहते. रंगाची दुरुस्ती आणि उजेडाची दुरुस्ती वेगवेगळी ठेवता येते. दिसायला जुनाट आहे, काम चोख करतं.

दुसरी वाट रॉथेरपी. त्यात रॉ च्या टॅबमध्ये फ्लॅट-फील्ड नावाचा भाग आहे. तिथे पांढऱ्या फ्रेमची फाइल दाखवायची. स्वतःहून फ्रेम शोधायची सोय आहे, पण ती फाइलमधल्या अ‍ॅपर्चरवर विसंबते, आणि ते किती खरं असतं ते वर सांगितलंच. म्हणून हातानेच निवडा. ब्लर टाइप 'एरिया' ठेवा, त्रिज्या मूळची ३२ असते ती चालते. त्रिज्या शून्याजवळ नेली की सेन्सरवरची धूळसुद्धा भागाकारात येते, आणि धूळ आज इथे तर उद्या तिथे. तेव्हा जिथे आता धूळ नाही तिथे पांढरा ठिपका उमटतो.

पैसे भरून घेतलेल्यांपैकी कॅप्चर वनमध्ये याला एलसीसी म्हणतात. पांढऱ्या फ्रेमवरून एलसीसी बनवायची आणि बाकी फोटोंना लावायची. रंगाची झाक आणि उजेडाची समानता असे दोन वेगळे पर्याय असतात, दुसऱ्याला टक्क्यांचा स्लायडर आहे. माझ्या मते हे सर्वांत सोयीचं. लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररीच्या मेनूत फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे. तिथे पांढरी फ्रेम खऱ्या फोटोंच्या लगेच आधी किंवा नंतर काढलेली असावी अशी अपेक्षा असते, म्हणजे क्रमाने शेजारी. जिच्या सवयीचं काम जागेवरच पांढरी फ्रेम काढून पुढे जाण्याचं आहे तिला हे सोपं पडतं. माझ्यासारख्या तीन आठवड्यांनी जागं होणाऱ्याला कॉर्नरफिक्स बरं.

दुरुस्ती बसली की नाही ते पाहायला आकडे वाचा. कर्सर मधोमध ठेवून लाल, हिरवा, निळा किती टक्के ते बघा, मग डाव्या कडेला, मग उजव्या. माझ्या त्या भिंतीच्या फोटोत मधोमध तिन्ही ६२ च्या आसपास होते, डाव्या कडेला लाल ४१ आणि हिरवा ३६, उजव्या कडेला लाल ३५ आणि हिरवा ३८. दुरुस्तीनंतर दोन्ही कडांना तिन्ही आकडे एकाच्या फरकात आले. डोळा दोन मिनिटांत गुलाबीला सरावतो, आकडा सरावत नाही.

किती दुरुस्त करायचं

इथे माझं मत ठाम आहे. रंगाची झाक पूर्ण काढा, शंभर टक्के. अर्धवट झाक कुणालाच सुंदर दिसत नाही. अंधार मात्र अर्धाच काढा, कधी तोही राहू द्या.

याला चवीपलीकडचं कारणही आहे. कोपऱ्यातला तीन स्टॉपचा अंधार उजळणं म्हणजे त्या जागेचा प्रकाश आठपट करणं. तुम्ही आयएसओ १६० वर फोटो काढलात, पण त्या कोपऱ्यात तो १२८० वर काढल्यासारखा खरखरीत होतो. आयएसओ ६४० वर काढलेल्या फोटोचे कोपरे तर ५१२० वर जातात, आणि जुन्या सीसीडी सेन्सरवर तिथे रंगीत ठिपक्यांची खिचडी दिसते. मधला भाग रेशमी आणि कोपरे वाळूचे, असा फोटो नुसत्या काळवंडलेल्या कोपऱ्यांपेक्षा वाईट दिसतो. चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी थांबा. जिथे पांढरी भिंत किंवा आकाश कडेपर्यंत जातं तिथे जास्त, माणूस मधोमध असेल तिथे कमी. वास्तूचे फोटो एखाद्या छापील कामासाठी देणार असाल तर तिपाई लावा, आयएसओ खाली ठेवा, मग पूर्ण काढा.

एक गोष्ट पांढऱ्या फ्रेमच्या आवाक्यात नाही: कडांचा विरघळलेला तपशील. तिरके किरण सेन्सरपुढच्या काचेतून जाताना थोडे सरकतात आणि कडेची पानं पुसल्यासारखी दिसतात. जाड काचेच्या मिररलेस बॉडीवर हीच लेन्स अडॅप्टरने लावली की हे आणखी वाढतं. भागाकाराने रंग परत येतो, पान परत येत नाही. तेव्हा अ‍ॅपर्चर बंद करा, नाहीतर फोटो थोडा कापा.

पांढरी फ्रेम नाहीच आहे, लेन्सही आता विकून टाकलीय, तर? मग ग्रॅज्युएटेड फिल्टरने दोन्ही कडांवरून आत ओढून टिंटचा स्लायडर हलवावा लागतो, लालसर बाजूला हिरव्याकडे, हिरवट बाजूला जांभळ्याकडे. एका फोटोवर जमलं की तो प्रीसेट म्हणून साठवा आणि बाकीच्यांना लावा. तेवढं नीट बसत नाही, पण गर्दीच्या रस्त्याच्या फोटोत चालून जातं. किंवा सरळ कृष्णधवल करा. झाकेचा प्रश्न तिथे संपतो, उरतो तो फक्त अंधार, आणि कृष्णधवलमध्ये तो बहुतेकदा शोभतो. रुंद जुन्या लेन्सचे कितीतरी फोटो कृष्णधवल दिसतात त्यामागे कलात्मक कारणं किती आणि हे कारण किती, देव जाणे.

नवी लेन्स घ्यायचीच असेल तर हे लक्षात ठेवा की काही कंपन्यांनी आपल्या जुन्या रचना डिजिटलसाठी नव्याने आखल्या. फोइक्टलेंडरची १५ मिमी सुपर वाइड-हेलिअर १९९९ मध्ये आली तेव्हा आगपेटीएवढी होती. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती लांब आणि जड झाली, कारण किरण सेन्सरवर कमी तिरके पडावेत म्हणून मागचा भाग बदलला. झाक बरीच कमी झाली. वापरलेली घेताना विक्रेत्याला आवृत्ती विचारा, आणि शक्य असेल तर आपल्या बॉडीवर लावून दुकानातल्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घ्या. बॉडीच बदलणार असाल तर २०२२ च्या एम११ सारख्या, मागच्या बाजूने प्रकाश घेणाऱ्या सेन्सरवर जुन्या लेन्स जास्त समजूतदारपणे वागतात. अर्थात त्या किमतीत ॲक्रिलिकचे किती तुकडे येतील याचा हिशेब मी घरी कुणाला करू देत नाही.

पांढऱ्या फ्रेम एकदा काढल्या की वर्षानुवर्षं चालतात, पण कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदललं किंवा सेन्सर बदलून आला की पुन्हा काढा, कारण कॅमेऱ्याची आतली दुरुस्तीच बदललेली असू शकते. फाइलना नाव देताना आधी लेन्स, मग अ‍ॅपर्चर, मग कोड, मग तारीख असं द्या, म्हणजे यादी आपोआप लेन्सनुसार लागते. आणि तो ॲक्रिलिकचा तुकडा जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून बॅगेच्या त्या कप्प्यात ठेवा जिथे किल्ल्या नसतात.